विशेष काही नाही

ट्रंक शनिवारी आली आणि रविवारच्या दुपारपर्यंत ती कुणी उघडली नाही. दोन जवान ती जिन्यानं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून गेले. वहिनीनं पाणी विचारलं तर नको म्हणाले आणि तीन प्रतींतला एक फॉर्म ठेवून गेले. वस्तू तपासून घ्यायच्या, यादीवर सही करायची, सोमवारी फॉर्म परत. चिमी पोचली तेव्हा ट्रंक बाहेरच्या खोलीच्या मधोमध होती आणि सगळे तिला वळसा घालून चालत होते, जसं काही आत कुणी झोपलंय.

बुटक्याची ट्रंक. सहा फूट दोन इंच वाढलेल्या मुलाला घरात बुटक्या म्हणायचे, कारण तो जन्मला तेव्हा नर्स म्हणाली होती, "लांबीला जरा कमीच आहे." त्याच्या बापानं, चिमीच्या दादानं, ते इतकं मनाला लावून घेतलं की पोरगं उभं राहायला लागल्यापासून दर वाढदिवसाला त्याला मोजलं. बदल्यांच्या नोकरीत दाराच्या चौकटी बरोबर नेता येत नाहीत, म्हणून वहिनी सुतळीला गाठ मारून ठेवायची. ती सुतळी अजून तिच्या शिवणाच्या डब्यात होती. शेवटची गाठ एकोणिसाव्या वर्षाची. सव्विसाव्या वर्षी तो नदीवरच्या चौकीत मारला गेला, त्याला आज अडतीस दिवस झाले होते.

"आलीस," दादा म्हणाला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रविवारीसुद्धा तो इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. "मसुदा आणलास?"

"पिशवीत आहे."

"उद्या किती वाजता?"

"अकराला."

एवढं बोलून भावाबहिणीचं बोलणं संपलं. चिमी एक्कावन्न वर्षांची होती. खात्यात तिला मॅडम म्हणत आणि तिच्या खोलीत शिरताना माणसं आवाज खाली आणत. देशाच्या सुरक्षेचं धोरण कागदावर उतरवण्याचं काम गेली तीन वर्षं तिच्याकडे होतं. किती तोफा, किती चौक्या आणि किती वाटाघाटी, व्यापार, पाण्याचे करार, या सगळ्यांना एका ताटात किती किती वाढायचं, ते ठरवणाऱ्या समितीपुढे उद्या तिला चौथं प्रकरण ठेवायचं होतं. या घरात मात्र ती चिमीच होती आणि तिनं चप्पल नेहमीसारखी दाराच्या मधोमध काढली म्हणून नानांनी ती काठीनं बाजूला सारली.

"बाहेरून आलेला माणूस अडखळतो," नाना म्हणाले.

"बाहेरून मीच येते, नाना."

"तेच म्हणतो."

नाना ऐंशीला टेकले होते. आयुष्याची एकतीस वर्षं त्यांनी त्याच नदीवर काढली होती, पण बंदूक न घेता. चौकीपासून हाकेच्या अंतरावर एक लाकडी झोपडी होती, अर्धी आपल्या हद्दीत, अर्धी पलीकडच्यांच्या. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन. दर गुरुवारी दोन्हीकडचे मापाडी तिथं बसायचे आणि नदीचं पाणी किती, याचे आकडे एकमेकांना द्यायचे. कामाचं नाव एवढंच. दादा ऐन उमेदीत असताना त्याच चौकीवर होता आणि मेसमध्ये त्या झोपडीला 'आमच्या वडिलांचं चहाचं दुकान' म्हणून हशे मिळवायचा. नानाही हसायचे. दोन वर्षांपूर्वी ते दुकान बंद झालं.

दादानं टेबलावरचा कागद चिमीपुढे सरकवला. "वाच. समितीच्या अध्यक्षांचा फोन होता. मुलगा गमावलेल्या बापाचं पत्र जोडलं तर वजन पडेल म्हणाले. घरातल्या सगळ्यांच्या सह्या असल्या तर बरंच."

चिमीनं वाचलं. पत्र चांगलं होतं, तेच वाईट होतं. रडगाणं नाही, शिवीगाळ नाही. नदीकाठी तीन नव्या चौक्या हव्यात, त्यातली एक रिकाम्या पडलेल्या झोपडीच्या जागी. इतर बाबींवर जाणारं बळ काठावर आणावं. शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या मुलाच्या पाठीशी आणखी तीस माणसं असती, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.' खाली त्याची सही आणि वहिनीची.

"वहिनी, तू केलीस सही?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. सैनिकांच्या इस्पितळात ती पाय गेलेल्या मुलांना नव्या पायांवर चालायला शिकवायची. अडतीस दिवसांतले तेहतीस दिवस ती कामावर गेली होती. "केली," ती म्हणाली. "तीस माणसं जास्त असती तर निदान त्याला कुणी लवकर उचललं असतं. मला बाकीचं कळत नाही."

"नाना राहिलेत," दादा म्हणाला. "सकाळपासून चष्मा सापडत नाहीये."

चष्मा नानांच्या कपाळावर होता. तिघांनाही दिसत होता.

"आणि तू," दादा म्हणाला. "तू आत्या आहेस, पण कागद तूच ठेवणार, तेव्हा तुझी सही नको. तू फक्त चौथ्या प्रकरणात योग्य ते लिही."

"योग्य म्हणजे?"

"चिमे, मी तुला शिकवायचं का? पलीकडचे पहाटे काठावर उतरले. धुक्यात, हातात बांबू, होड्या ओढत. आपल्या पोरांनी काय समजायचं? चौदा मिनिटं गोळीबार झाला. आपले तीन, त्यांचे पाच. आठही घरांत आज अशीच ट्रंक असेल. पलीकडच्यांकडं ट्रंका देतात का, माहीत नाही."

"पाणी चढलं होतं," नाना म्हणाले.

"काय?"

"वर बर्फ वितळलं. त्यांनी धरणाची दारं उघडली असतील. होड्या वाहून जाऊ नयेत म्हणून ओढत असतील."

"हे तेव्हा कुणाला माहीत होतं, नाना?"

नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुणालाच नव्हतं," ते म्हणाले.

अडतीस दिवस चिमीनं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. तिनं पत्राची घडी घातली, परत उलगडली. आज सांगितलं नाही तर उद्या अकरा वाजता ती हे पत्र जोडेल, तीन चौक्या मंजूर होतील, झोपडीच्या जागी पाया खणतील आणि मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही. ते किती सोपं होतं. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "चहा ठेवू का?"

"पाच वेळा झालाय," वहिनी म्हणाली. मग ती खोलीच्या मधोमध आली, फतकल मारून बसली आणि ट्रंकेच्या दोन्ही कड्या खटाखट उघडल्या. "चिमी, तुझं अक्षर बरं आहे. तू यादी धर. मी सांगते, तू खूण कर. अहो, तुम्ही बसा. उभं राहून काही होत नाही."

दादा बसला.

"लोकरी टोपी, एक."

"आहे."

"मोजे, सहा जोड." वहिनीनं मोजले. "साडेपाच. या पोराला कधी..." तिनं वाक्य सोडून दिलं. "सहा लिही. त्यांनी सहा लिहिलेत तर सहा."

"दाढीचं सामान. टॉर्च. बुटांचं पॉलिश, अर्धं." प्रत्येक वस्तू ती दोन्ही हातांनी उचलत होती आणि मांडीवर क्षणभर ठेवून मग बाजूला लावत होती. नाना भिंतीकडे बघत होते. दादा बघत होता, पण बायकोच्या हातांकडे. "चहाचा मग, एक. पांढरा, टवका उडालेला."

नानांचं डोकं वळलं. "इकडं दे तो."

वहिनीनं दिला. नानांनी टवक्यावरून अंगठा फिरवला. "झोपडीतला. माझ्या हातून पडला होता. पलीकडचा म्हणाला, आता हा तुमचा, चांगला तो आमचा." ते जरा हसल्यासारखे झाले. "कुठं मिळाला असेल त्याला?"

"वही, एक," वहिनी म्हणाली.

साधी, शाळकरी पोराची असते तशी वही. वहिनीनं ती उघडली. चिमीला वाटलं, कविताबिविता असेल, एखादी मुलगी असेल. देवा, एखादी मुलगीच असू दे. वहिनी आधी मनात वाचत होती. मग मोठ्यानं वाचायला लागली, तशीच, यादी वाचल्यासारखी.

"'गुरुवार. पाणी दांड्याच्या चौथ्या खुणेवर. विशेष काही नाही.' 'गुरुवार. पाणी चौथ्या खुणेवर. झोपडीचं कुलूप तसंच. पलीकडचा म्हातारा येऊन त्यांच्या बाजूच्या पायरीवर बसला. दोन तास. मग गेला.' 'गुरुवार. म्हातारा आज पण आला. मी लांबून हात केला. त्यानं पण केला. बोलायला परवानगी नाही.'" तिनं पान उलटलं. "सगळे गुरुवारच आहेत. नाना, हे तुमचं काम करत होता का तो?"

नानांचा अंगठा टवक्यावर थांबला.

"'गुरुवार. आत्याला फोन केला, झोपडी परत उघडता येईल का. आत्या म्हणाली फाइल बघते.'"

वहिनीनं मान वर केली नाही. बोट त्या ओळीवर ठेवून तिनं पुढची पानं चाळली, शेवटच्या लिहिलेल्या पानापर्यंत. "'बुधवार. गुरुवार नाही, पण लिहितो. कालपासून पाणी तीन वीत वर. पलीकडे गडबड दिसते. कारण त्यांना माहीत असणार. विचारायचं कुणाला?'"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"तुला फोन केला होता त्यानं?" वहिनी म्हणाली.

"हो. गेल्या वर्षी."

"मग? बघितलीस फाइल?"

"मला बघायची गरज नव्हती," चिमी म्हणाली. एकदा सुरुवात झाल्यावर तिचा आवाज खात्यातल्यासारखा सपाट झाला आणि तिला त्याची लाज वाटली, पण तो आवाज सोडला असता तर तिला बोलताच आलं नसतं. "ती फाइल मीच बंद केली होती. धोरणाची दोन पानं असतात. एक, लष्करी साधनं. दुसरं, इतर साधनं. वरून सांगितलं होतं की 'इतर'मधलं जे निरुपयोगी असेल ते काढा. मी झोपडीचे सगळे अहवाल मागवले. एकतीस वर्षं नानांचे, मग नानांनी तयार केलेल्या माणसाचे. प्रत्येक गुरुवारी एकच ओळ. बैठक झाली, विशेष काही नाही. एकाही कागदावर दुसरं काही नाही. घरी पण नाना हसत हसत तेच सांगायचे, गप्पा मारल्या, चहा प्यायलो. मी माझ्या बापाची बाजू घेते असं कुणी म्हणू नये म्हणून मी जरा जास्तच काटेकोर वागले. लिहिलं, नोंद घेण्याजोगी एकही घटना नाही, सबब बंद करावे."

"आणि हे तू अडतीस दिवस," दादा म्हणाला, आणि थांबला.

"हो."

"तू माझ्याशेजारी उभी होतीस. झेंड्यापाशी. माझा हात धरून."

"हो."

"मला माहीत होतं," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते हातातल्या मगाकडे, त्याच्या टवक्याकडे बघत बोलत होते. "बंदचा हुकूम आला त्याची प्रत जुन्या माणसांनी मला दाखवली. 'नोंद घेण्याजोगी'. हे तू चौथीत गाईवरच्या निबंधातसुद्धा लिहिलं होतंस. मी ओळखलं. म्हटलं, पोरीनं वाचलं ते लिहिलं. चूक तिची नाही. कागद माझे होते."

"मग खोटं का लिहिलंत?" वहिनीनं विचारलं. तिचा सासऱ्यांशी बोलण्याचा आवाज एरवी असा नव्हता.

"खोटं नाही, पोरी. आमचं ठरलं होतं. पहिल्याच वर्षी. त्यांचा एक गुराखी वाट चुकून इकडं आला, चौकीनं धरला. मी वर कळवलं, त्यानं तिकडं वर कळवलं. आठ दिवसांत दोन्हीकडून पलटणी आल्या, एका गुराख्यापायी. तेव्हापासून आम्ही ठरवलं, वर काही जायचं नाही. म्हैस हरवली, जाळं तुटलं, कुणी दारू पिऊन पलीकडं जाऊन शिव्या दिल्या, गोळी चुकून सुटली. सगळं टेबलावर मिटवायचं आणि दोघांनी एकच ओळ लिहायची. वर कळलं की वरचे तापतात. आम्ही खालच्या खाली विझवत होतो आणि वर राखसुद्धा पाठवत नव्हतो." ते थांबले. "आम्हाला वाटायचं, किती हुशार आहोत आपण. विझलेल्या आगीला कुणी पगार देत नाही, हे नाही सुचलं."

"किती वेळा गोळी सुटली होती?" दादानं विचारलं.

"तुझ्या वेळी दोनदा."

"माझ्या वेळी काही झालं नव्हतं."

"तेच तर," नाना म्हणाले.

दादा उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आत भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग गॅस पेटल्याचा. वहिनीनं वही मिटून छातीशी धरली नव्हती. ती मांडीवर उघडीच होती आणि वहिनी शेवटचं पान पाहत होती. चिमीला तिच्या खांद्याला हात लावावासा वाटला. तिनं लावला नाही. तो हक्क तिनं कुठल्यातरी रकान्यात घालवला होता.

दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चहा होता. एकच कप. तो त्यानं वडिलांच्या मगात ओतला, टवक्याच्या मगात, आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसला. दोघांच्या मध्ये टेबल होतं.

"पाणी किती चढलं की फोन करायचे ते?" त्याचा आवाज चौकशी घेणाऱ्या अधिकाऱ्याचा होता.

"एक वीत."

"एक वीत चढलं की."

"एक वीत चढलं की घंटी, वार कुठलाही असो. दारं उघडतोय, आमची माणसं काठावर येतील, घाबरू नका. मग मी तुमच्या चौकीला सांगायचो. तूच उचलायचास कधी कधी. 'हो नाना, कळलं नाना, चहा झाला का नाना.'"

दादानं तीन विती मोजल्या. म्हणजे त्यानं हात टेबलावर पसरला, अंगठा ते करंगळी, मग पुन्हा, मग पुन्हा. टेबल तिथंच संपलं.

"चौकी लागतेच पण," तो म्हणाला, हात तसाच ठेवून. "नाना, चौकी नसती तर ते तुमच्या झोपडीत बसले नसते. हे तुम्ही तरी म्हणा."

"म्हणतो ना. तुझ्या चौकीमुळं ते खुर्चीत बसत होते. टेबलामुळं बसून राहत होते." नानांनी मगाला ओठ लावले आणि न पिता खाली ठेवला. "एक पाय कापला तर दुसरा दुप्पट जाड करून चालता येत नाही. सूनबाईला विचार."

वहिनीनं पत्र ओढून घेतलं. "माझी सही राहू दे," ती म्हणाली. "चौकी हवीच. पण झोपडीच्या जागी नाही. तेवढं बदला, नाहीतर माझी सही खोडा."

दादानं पेन काढलं. टोपण काढून तो बराच वेळ बसला, आणि मग 'झोपडीच्या जागी' या शब्दांवर रेघ मारली. नवीन काही लिहिलं नाही. शेवटच्या वाक्यावर, तीस माणसांच्या, पेनाचं टोक टेकवलं, उचललं. ते तसंच राहिलं. नानांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि सही केली.

"उद्या मला सांगावं लागेल की शिफारस माझी होती," चिमी म्हणाली. "ती चुकीच्या वाचनावर केली होती. त्याशिवाय ते परत उघडणार नाहीत. आणि नुसत्या माझ्या शब्दावर तर नाहीच."

"काढून टाकतील तुला," दादा म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"टाकू देत."

"काढून टाकलं की सुटशील, नाही का?" वहिनी म्हणाली. "ते काही नाही. तिथंच बसायचं आणि ती झोपडी उघडेपर्यंत लिहायचं." मग पहिल्यांदाच तिनं चिमीकडे सरळ पाहिलं. डोळे कोरडे होते, पापण्यांच्या कडा सोललेल्या. "माफीबिफी मला जमायची नाही. आत्ता तर नाहीच, पुढचं सांगत नाही. तू ती मागूही नकोस, मागितलीस तर मला उत्तर द्यावं लागेल."

"नाही मागत."

"नुसत्या शब्दावर उघडणार नाहीत म्हणालीस."

"नाही."

वहिनीनं वही मिटली. वरची धूळ पदरानं पुसली, कोपरा सरळ केला आणि ती चिमीच्या पुढे धरली. चिमीनं दोन्ही हातांनी घेतली. सुटायला किंचित वेळ लागला. वहिनीच्या बोटांनी ती आधी सोडलीच नाही.

"हे बघ," वहिनी म्हणाली, "त्यांना झेरॉक्स दे. ही वही टेबलावर ठेवायची, वाचायला लावायची, आणि उठताना उचलून आणायची. कुणाच्या फाइलीत लावू द्यायची नाही. भोकं पाडतात ते."

"नाही लावू देत."

"दर गुरुवारचं वाचायला लाव. फक्त शेवटचं नाही."

"हो."

अजून यादीतल्या नऊ वस्तू राहिल्या होत्या. त्यांनी त्या केल्या. पट्टा, एक. साबण, दीड. दादा आता वस्तू हातात घेऊन बायकोला देत होता आणि ती नाव सांगत होती. चिमी खुणा करत होती. नानांचा चहा गार झाला, तरी त्यांनी तो संपवला.

शेवटी सहीची वेळ आली तेव्हा वहिनीनं फॉर्म स्वतःकडे घेतला. प्रत्येक वस्तूपुढे शेऱ्याचा रकाना होता आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती: काही नसल्यास 'विशेष काही नाही' असे लिहावे. वहिनीनं ती सूचना वाचली. मग ती यादीतल्या 'वही, एक' या ओळीपर्यंत बोट फिरवत आली आणि रकान्यात, तिच्या त्या मोठ्या, एकमेकांना न चिकटणाऱ्या अक्षरात लिहिलं:

'नणंदेला दिली आहे. परत हवी.'

आणि खाली सही केली. तिन्ही प्रतींवर.